बर्फाखालचं नाव

“कबरीवरचा एवढा बर्फ उपसला, तरी गेलेल्या माणसाला काय कळणार आहे हो?” माझ्यापुढे चालणाऱ्या काकूंनी विचारलं.

“मी गेल्यावर तू निदान माझा फोटो तरी पुसत जा,” काका म्हणाले आणि दोघं हसत चर्चमध्ये शिरले. परदेशातल्या या डोंगराळ खोऱ्यात मराठी कानावर पडूनही मी ओळख दिली नाही.

चर्चच्या आवारातल्या सगळ्या कबरी बर्फाखाली गेल्या होत्या. एक आजोबा छोट्या फावड्याने एकच कबर मोकळी करत होते. दगड दिसू लागल्यावर त्यांनी हातमोजा काढला आणि नावाच्या अक्षरांत अडकलेला बर्फ उघड्या बोटाने कोरून काढला.

वर उतारावर माझ्या मैत्रिणी स्कीइंग करत होत्या. गुडघा दुखतोय असं सांगून मी खाली थांबले होते. घरी सगळे ठीक आहेत, असंही मी त्यांना सांगितलं होतं.

बाबांचे अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले. अस्थी नदीत सोडल्या. आता घरी गेले तरी त्या नदीवर नेमकं कुठे बघायचं, हे मला कळणार नाही. झाडायला, पुसायला माझ्या वाट्याला काहीच आलेलं नाही.

बर्फ पुन्हा भुरभुरू लागला. त्या नावावर पांढरं साचत होतं. आजोबांनी मान वर करून मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, “तुमचं इथे कोण आहे?”

कोणी नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून मराठीच निघालं.

“माझे बाबा गेले.”