शेवटचा पीळ उस्तादांचा

जालना एमआयडीसीकडे वळणाऱ्या रस्त्यावर इंद्रभानचं ट्रकचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजात एक रिवाज आहे. काम कुणीही केलेलं असो, शेवटचा पीळ कडूबा उस्तादांचा. इंद्रभानला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. आता त्यांचे गुडघे गेले, नजर अधू झाली, तरी म्हातारा रोज सकाळी येऊन खुर्चीत बसतो. काम उरकलं की इंद्रभान पाना त्यांच्या हातात देतो. ते दात-ओठ खाऊन एकदा आवळतात, "बराबर" म्हणतात, मगच गाडी हलते. जुन्या लोखंडी गाड्यांनी हे सारं निमूट सोसलं. नव्या गाड्या नाजूक निघाल्या, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

त्या दिवशी भुजंगचा ट्रक आला. चढावर दम सोडत होता, म्हणजे डिझेलचा फिल्टर बदलायला झाला होता. दुपारी बियाण्याच्या कारखान्यात मक्याच्या गोण्या भरायच्या होत्या. इंद्रभाननं फिल्टरच्या झाकणावर पाना लावला आणि तो गर्रकन फिरला. प्लास्टिकच्या झाकणाचे सगळे कोपरे झिजून गोल झाले होते. मागच्या वेळी हे झाकण कुणी आवळलं ते त्याला लख्ख आठवलं.

"कोणत्या शहाण्यानं आवळलं हे?" भुजंग म्हणाला.

"प्लास्टिकच हलकं निघालं भाऊ," इंद्रभान खुर्चीकडे न बघता म्हणाला. उस्तादांना कळलं तर ते उद्यापासून यायचे नाहीत, याची त्याला भीती वाटली. बायको आसराबाई गेल्यापासून घरी त्यांच्याशी बोलायला भिंतीच होत्या. ही खुर्ची सुटली तर म्हातारा खचेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं एक लहान पाना हातोडीनं झाकणावर ठोकून बसवायला घेतला. झाकण कचकन तडकलं, तसा त्यानं हात आवरला. छन्नी लावली असती तर तुकडे आत पडून पंपाचीच वाट लागली असती. भुजंग सारखा मोबाईलमध्ये वेळ बघू लागला.

खुर्ची करकरली. उस्ताद ट्रकला धरत धरत आले आणि त्यांनी झाकणावरून बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली.

"जुना फॅन बेल्ट आण. अन् टामी," ते म्हणाले.

बेल्ट झाकणाच्या कडेला दोनदा गुंडाळला, टोकं टामीच्या लोखंडी दांड्यात अडकवून पिळली. "झटका न्हाई मारायचा. हळूहळू वढ." इंद्रभाननं ओढलं. बेल्ट ताणला, थोडा घसरला, मग धरला आणि झाकण कुरकुरत सुटलं.

भुजंगनं सुटकेचा निःश्वास टाकला. उस्तादांनी मात्र ते गुळगुळीत झाकण हातात घेतलं.

"भुजंगभाऊ, हे मीच आवळल्तं. हा तुमच्यासंगं खोटं बोलला ते माझ्यापायी."

इंद्रभानला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. भुजंगनं मोबाईल खिशात टाकला. "नवीन झाकण बसवा उस्ताद," तो म्हणाला. "जल्दी करा, गोण्या वाट पाहून राह्यल्या."

इंद्रभाननं फिल्टर बदलला, नवं झाकण बसवलं. आता उस्ताद काठी उचलून घरी निघणार, असं त्याला वाटलं. उस्तादांनी खुर्ची ओढत ट्रकपाशी आणली आणि पान्यासाठी हात पुढे केला.

"हे किती आवळायचं असतं?"

"झाकणावर लिहेल हाये, उस्ताद. त्याच्यापुढं बिलकुल न्हाई."

"मला दिसत न्हाई. मंग तूच शिकव की. हात कुठं थांबवायचा ते दाखव."

इंद्रभाननं त्यांच्या हातावर हात ठेवला, दोघांनी मिळून पाना फिरवला आणि त्याचा हात थांबला तसा त्यांचाही थांबला.

"एवढंच?" म्हातारा नाराजीनं म्हणाला. "ध्यानात ऱ्हाणार न्हाई. उद्या आलो की परत दाखव."

"दाखवतो उस्ताद," इंद्रभान म्हणाला.