जांभळ्या गव्हावरची सही

आमच्या कोरगावच्या शेतकरी गटात एक नियम आहे: बापूंनी आणलेल्या बियाण्याला प्रश्न विचारायचा नाही. बापू म्हणजे माझे थोरले काका, गटाचे अध्यक्ष, पिठाच्या गिरणीचे मालक. मी बॉटनीची एम.एस्सी., म्हणजे गटाची फुकटची तज्ज्ञ! बापूंनी यंदा जांभळा गहू आणला आणि एका हंगामात इतके किस्से साठले की गिरणीवर दळण कमी, गप्पा जास्त. वाळपईचा एक दुकानदार सगळं पीक घ्यायला तयार होता. अट एकच: पाकिटावर शिकलेल्या माणसाची सही हवी. म्हणजे माझी!

*

"रंगवलाय," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. सगळ्यांनी डोळे वटारले.

मग मी गव्हाचा कोंडा गरम पाण्यात भिजवला. एका वाटीत लिंबू पिळलं, दुसरीत खायचा सोडा टाकला. एक पाणी गुलाबी, दुसरं हिरवट निळं! आंबटात गुलाबी आणि सोड्यात निळा होणारा रंग झाडाचाच; म्हणजे रंग दाण्याचाच होता, जांभळाला असतो तसाच. मी माझा संशय मागे घेतला.

गटातल्या शाणूमामांचा संशय मात्र तिथून सुरू झाला. "रंग बदलता? म्हणजे केमिकलच!"

"मामा, लिंबू पण केमिकलच!"

तेव्हापासून ते माझ्या हातचं सरबत पीत नाहीत.

*

भात कापल्यावर गहू पेरला. कोंब जांभळे आले.

"रोग इलो!" म्हणत मामांनी मला न विचारता औषध फवारलं. रंगाची जनुकं नुसत्या दाण्यात नाही, कोंबातही जागी होतात, हे मी नंतर सांगितलं. कोण ऐकतंय? रोपं वाढली तशी आपोआप हिरवी झाली.

मामा अजून सांगतात, "माझ्या फवाऱ्यान वाचला पीक!"

*

फणसाच्या सावलीतल्या ओंब्यांचे दाणे फिके निघाले. बापू म्हणाले, "शेजाऱ्यानं बी बदललं!" त्यांनी शेजाऱ्याशी बोलणंच टाकलं.

या जनुकांना काम करायला ऊन लागतं. मी ते ओळखून आधीच भर उन्हातल्या एका ओंबीवर काळी पिशवी बांधून ठेवली होती. तिचेही दाणे फिके! मी बापूंसमोर पिशवी सोडून दाखवली.

बापूंनी ती उलटीपालटी करून पाहिली. "पिशवी शेजाऱ्याकडचीच ना?"

*

पहिल्या दळणाच्या चपात्या सुलूकाकीने केल्या. काकी म्हणजे बापूंची बायको. चपात्या पांढऱ्याफटक! मामांनी बापूंकडेच संशयाने बघितलं.

मी विचारलं, "काकी, पीठ चाळलंस?"

"तर! दोनदा. कोंडा कोंबड्यांना घातला."

रंग सगळा कोंड्यात. आमच्या कोंबड्यांइतका पौष्टिक गहू गोव्यात कुणीच खाल्ला नसेल!

*

मग पाकिटं छापून आली. वर ठळक अक्षरात: 'मधुमेह घालवणारा गहू'. खाली माझं नाव, डिग्रीसकट.

"सही कर," बापूंनी पेन पुढे केलं. "दुकानदार खोळंबलाय."

"रंगाची खात्री देते बापू. आजाराची कशी देऊ?"

"मोठ्यांच्या शब्दाक मान दी गो चेडवा!" मामा तडकले.

काकी चहा घेऊन आली. "कर गो सही. गुण आहे त्यात. सोमवारपासून माझ्या शुगरच्या गोळ्या बंद! हेच म्हणाले, आता या चपात्या पुरेत."

मी पेन खाली ठेवलं.

"सही करणार नाही. काकी, चप्पल घाल. आधी डॉक्टरकडे."

बापूंनी मामांकडे पाहिलं. मामांनी पाकिटाकडे. चहावर साय धरली.