स्वयंपाकघरामागची रिफायनरी

सबंध सिंगापुरात नळीला नळी जोडताना देवपूजेपेक्षा जास्त सोवळं पाळणारा माणूस एकच आहे, आणि तो दर रविवारी मला चहा पाजतो. हे वाक्य कागदावर उतरवण्याआधी मी चारदा मनात म्हणून बघितलं. शिक्षण बेताचं असलं की लिहितानाही माणूस दारात उभा राहून आत येऊ का विचारत असतो. पण यात फुगवलेलं काही नाही. मी त्यांना साहेब म्हणतो. त्यांना ते आवडत नाही. "जुरोंग आयलंडला रिफायनरीच्या बसमधून उतरलं की दर पावलाला एक साहेब भेटतो, घरी तरी नको," म्हणतात. पण अठ्ठावन्न वर्षांच्या, पुण्याच्या, इंजिनिअर माणसाला नववीतून शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याने दुसरं काय म्हणायचं? काका म्हणावं तर उगाच जवळीक दाखवल्यासारखं, सर म्हणावं तर हातावरच्या छड्या आठवतात. म्हणून साहेब.

ओळख झाली ती आमच्या काउंटरवर. सेम्बावांगच्या एका वर्कशॉपात मी जहाजांच्या नळ्या कापतो आणि त्यांच्या तोंडाला कपलिंग दाबून बसवतो. एका शनिवारी साहेब आले आणि त्यांनी दीड मीटर नळी मागितली. दीड मीटरसाठी पाऊण तास प्रश्न विचारले. तापमान किती सोसते, दाब किती, आतून कशाची, वास येतो का. आणि वासाची खात्री करायला नळीचं टोक नाकाला लावून डोळे मिटून उभे राहिले. मागे रांग. माझं इंग्रजी 'येस बॉस' आणि 'नो बॉस' यांच्या मध्येच कुठेतरी संपतं, त्यामुळे मी घाबरून घाईघाईने क्लँप आवळायला गेलो, बोट चिमटलं आणि तोंडून 'आई गं' निघालं. साहेबांनी डोळे उघडले. "कुठले?" "बार्शीकडचा," म्हटलं. दुसरा कोणी असता तर गाव, आडनाव, मामाचं गाव, सगळं निघालं असतं. साहेब म्हणाले, "बरं झालं. आता मराठीत सांग, उकळतं पाणी गेलं तर ही मऊ पडेल का?" मी सांगितलं, पडेल, आणि जोडातून निसटून तुमच्या पायावर येईल, सिलिकॉनची घ्या. त्यांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं. मी सांगितलेलं कोणी लिहून घेतलं, असं माझ्या आयुष्यात तोवर झालं नव्हतं.

साहेब घरी बिअर करतात. घरच्यापुरती करायला इथे मुभा आहे, विकायची नाही. तो नियम त्यांनी छापून फ्रिजवर लावलाय. स्वतः पितात अर्धा ग्लास, तोही 'चाचणीपुरता'. मला विचाराल तर बिअर हे निमित्त. एका भांड्यातलं दुसऱ्या भांड्यात न सांडता, हवा न लागू देता न्यायचं, यात त्यांचं सुख आहे. बिअरच्या जागी ताक असतं तरी त्यांनी हाच थाट केला असता. त्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे कपडे धुण्या-वाळवण्याची अरुंद जागा आहे. तिथे तीन मोठी पातेली, दोन पंप, एक पिंप आणि मध्ये वॉशिंग मशीन. आत जायचं तर गळ्यात पास हवा. पास त्यांनी स्वतः बनवून प्लास्टिकमध्ये मढवलेत. सासूबाई डोंबिवलीहून आल्या तेव्हा त्यांनाही 'तात्पुरता अभ्यागत' म्हणून पास मिळाला, आणि आत जाताना सोबतीला माणूस. शेगडी पेटवण्याआधी परवाना भरावा लागतो. त्यावर दोन सह्या लागतात, मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची. साहेब एका खुर्चीत बसून मागतात, उठून समोरच्या खुर्चीत बसतात, परवाना नीट वाचतात आणि मग देतात. एकदा दिला नव्हता.

वहिनी पाया लेबारच्या एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत, तिथे म्हणे चाळीस माणसं त्यांना वचकून असतात. "आणि घरी मला माझ्या वॉशिंग मशीनपर्यंत जायला पास लागतो," त्या मला सांगतात, "तोसुद्धा महिन्याने संपतो." मुलगी मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते. "पप्पा, इट्स ओन्ली लॉन्ड्री लाह." साहेब शांतपणे म्हणतात, "लॉन्ड्रीच्या शेजारी शंभर डिग्रीचं पातेलं आहे."

पण खरा जीव अडकलाय तो जोडांत. आमच्या वर्कशॉपात जोड म्हणजे जोड. गळला नाही की झालं. साहेबांच्या लेखी प्रत्येक जोडाला स्वभाव असतो. पितळी जोड दिलदार पण सुस्त. प्लास्टिकचा खटका जावयासारखा, गरम झाला की रुसतो. सगळ्यांत लाडका स्टीलचा दोन कानांचा कॅमलॉक. कान उघडे म्हणजे सुटा, कान मिटले म्हणजे पक्का, खोलीच्या दारातूनही कळतं. फक्त बिअरचा उकळता रस गेला की ते कान तापतात, म्हणून साहेबांनी वहिनींच्या ओव्हनच्या हातमोज्याची बोटं कापून कानांना टोपडी शिवली. वहिनींना ते केक करायला घेतल्यावर कळलं. गरम बाजूला आत झडप असलेला जोड ते लावू देत नाहीत. आत स्प्रिंग आली की आत घाण राहिली, आणि भोक बारीक असलं की बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची सुकी फुलं जाऊन तुंबलंच. "जोडातून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे," म्हणतात, आणि खरोखरच प्रत्येक जोड दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून समोरच्या ब्लॉककडे बघतात. समोरच्या चिनी आजींनी एकदा खाडकन खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी साहेब त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले, जोड दाखवला आणि त्यांनाही त्यातून बघायला लावलं. आता आजी खिडकीतून हात करतात. एकदा अमेरिकेहून मागवलेला जोड इथल्या नळावर दोन आटे गोडीत चढला आणि तिसऱ्याला अडला. मी म्हटलं, टेप गुंडाळतो आणि पान्याने आवळतो. साहेबांनी माझं मनगट धरलं. "त्यांचे आटे वेगळे, आपले वेगळे. दोन फेरे झाले म्हणजे लग्न लागलं असं नाही," म्हणाले.

दर शुक्रवारी त्यांचा मेसेज येतो. 'रविवार, सकाळी दहा. बंद बूट.' डॉर्मिटरीतल्या बाराजणांच्या खोलीतून मी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो. त्या घरात मी खुर्चीवर बसतो आणि वहिनी विचारतात, पोहे करू की उपमा. या देशात मला काय हवं असं विचारणारं तेवढं एक घर. म्हणूनच लिफ्टमध्ये शिरलो की मनात येतं, आज आपल्या हातून काही बिघडलं आणि हे घर बंद झालं तर? त्यातून साहेब चारचौघांत माझी ओळख 'आमचे होज कन्सल्टंट', म्हणजे नळ्यांचे सल्लागार, अशी करून देतात. थट्टेने करून दिली असती तर परवडली असती. ते खरंच मानतात. मला वाटतं, आता कोणीतरी सर्टिफिकेट मागणार.

आणि मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, मराठी, वडील बँकेतले. एका रविवारी दुपारी दोन्ही घरांनी जेवायला भेटायचं ठरलं, आणि होणारे व्याही बिअरचे शौकीन असल्याचं साहेबांच्या कानावर आलं. झालं. पुढचे सहा आठवडे रिफायनरी तीन पाळ्यांत चालली. वहिनींना वेगळीच धास्ती. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "व्याह्यांकडे सगळं कसं नीटनेटकं असतं रे. तेवढे पास वाटू नका म्हणावं त्यांना." साहेबांनी पास वाटलेच. व्याह्यांच्या पासवर 'व्ही. आय. पी.' लिहिलं, एवढी सवलत.

माझं काम एकच होतं, पिंपाला दोन नळ्या जोडायच्या. पिंपाच्या डोक्यावर दोन तोंडं असतात, दिसायला जुळी. एकातून गॅस आत ढकलायचा, दुसऱ्यातून बिअर बाहेर येते. गॅसच्या नळीचा खटका करडा, बिअरच्या नळीचा काळा. पन्नास वेळा केलेलं काम. पण मी खाली वाकलेलो असताना व्याही शेजारी येऊन उभे राहिले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "कन्सल्टंट तुम्हीच ना? फर्म कुठली तुमची?" सर्टिफिकेट मागणारा आला म्हणायचा. हाताला लागला तो काळा खटका उचलून मी जवळच्या तोंडावर ठेवला. तो बसेना. कोणीही शहाणा थांबला असता. पण आम्ही पडलो जहाजाच्या नळ्यावाले. आमच्याकडे जोड सुखासुखी बसला तर मुकादम संशय घेतो. घट्ट बसलं म्हणजे बरोबर बसलं, हे माझ्या हातांना डोक्याच्या आधी कळतं. मी अंगाचा भार टाकून दाबला. तो चरकन वाजून बसला, आणि कायमचा बसला.

साहेबांनी ग्लास तिरका धरून तोटी उघडली. आतून नुसता वारा आला, लांबलचक. मी खटका उपटायला गेलो तर पिंप उचललं गेलं, खटका जागचा हलला नाही. काळा खटका गॅसच्या तोंडावर अडकलेला, दुसरा काळा घरात नाही, आणि आत सहा आठवड्यांची बिअर. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही, ते मला जास्त लागलं. चपला कुठे काढल्यात ते मी आठवू लागलो. मग बूट घातलेत हे लक्षात आलं.

"हात बाजूला घे," साहेब म्हणाले. कडी ओढून आतला गॅस सोडला आणि झाकण काढलं. बिअरला हवा लागू नये म्हणून श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून सोडणारा हा माणूस, त्याने पिंप उघडं टाकलं आणि वहिनींना म्हणाला, "अगं, वरणाचं ओगराळं दे."

व्याह्यांनी ओगराळं साहेबांच्या हातातून घेतलं. "तीस वर्षं पार्ट्या केल्या," म्हणाले, "पंगतीत वाढलेली आजच बघतोय. मी वाढतो, तुम्ही बसा." साहेब बसले नाहीत. त्यांनी कपाटातून फॉर्म काढला. रिफायनरीत काही बिघडलं की भरतात तसला, पाच वेळा 'का' विचारणारा. मला समोर बसवलं. सगळे भोवती ग्लास घेऊन उभे.

"का अडकला?"

"मी जोर लावला, साहेब."

"का लावला?"

"घट्ट बसलं की बरोबर, अशी हाताला सवय."

"मग चुकीच्या तोंडावर बसला का?"

"दोन्ही तोंडं सारखीच दिसतात."

"सारखी दिसणारी का आणली?"

हे मला कसं माहीत असणार. माझं नाव आता कुठल्या रकान्यात जाणार तेवढं बघत होतो. साहेबांनी पेनाचं टोपण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. "कारण ती चकचकीत होती आणि मला आवडली," ते म्हणाले. "चुकता येईल असा जोड मी निवडला. मग कोणीतरी चुकणारच होतं, ते आज याच्या वाट्याला आलं." आणि चूक कोणाची या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

वहिनी म्हणाल्या, "एकतीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे या घरात पहिल्यांदा ऐकतेय. आणि तेही मला नाहीच." व्याही हसता हसता खुर्चीत बसले. पिंप संध्याकाळपर्यंत रिकामं झालं.

पण मला काही खरं वाटेना. मोठी माणसं पाहुण्यांपुढे सांभाळून घेतात आणि मग हळूच बोलवायचं बंद करतात, हे मी पाहिलेलं आहे. सोमवार ते गुरुवार मी शुक्रवारची वाट बघितली. शुक्रवारी मेसेज आला नाही. त्या रात्री मला वहिनींचे पोहे आठवत राहिले, आणि त्याची लाजही वाटली. शनिवारी काउंटरवर मान खाली घालून नळी कापत होतो, तर समोर साहेब.

"उद्या येणार नाहीस का?"

"साहेब, मेसेज आला नाही."

"कसा येईल? सुधारणा होईपर्यंत प्लांट बंद असतो. सुधारणा कोण सुचवणार? जोर कुठे लागतो ते तुझ्या हातांना माहीत, मला नाही. उद्या दहा वाजता ये."

रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी चार तऱ्हेची तोंडं आणि खटके मांडून ठेवले होते, आणि शेजारी एक जुनं, पोचे आलेलं सेकंडहँड पिंप. "निवड," म्हणाले, आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट केली: गप्प बसले. मी दोन तास घेतले. डोळे मिटून, ओल्या हातांनी, एकदा मुद्दाम घाईत, सगळे लावून बघितले. शेवटी ते पोचे आलेलं पिंप पुढे ओढलं. त्याच्या गॅसच्या तोंडाला दोन खुंट्या आहेत आणि बिअरच्या तोंडाला तीन. कितीही अंग टाका, एकाचा खटका दुसऱ्यावर बसत नाही. साहेबांना पोचे बघवत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, "हे."

"का?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगत गेलो तसं ते लिहीत गेले. फॉर्मच्या शेवटी निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहायला जागा असते. तिथे ते थांबले. "वडिलांचं नाव काय तुझ्या?" मी सांगितलं. त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश.

पुढच्या वर्षी साहेब निवृत्त होतील आणि पुण्याला परत जातील. माझं परमिट त्याच्याही आधी संपतंय. वाढवून मिळालं तर मिळालं. त्या संध्याकाळी मी त्या फॉर्मचा फोटो बायकोला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "हे काय? बक्षीस मिळालं का?"

"नाही गं. कुठलं पिंप घ्यायचं ते मी ठरवलं, त्याचा कागद आहे."

मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"तुम्हाला विचारलं त्यांनी?" ती म्हणाली. "मग जपून ठेवा."