गोणीतल्या काचा

मार्गासनीच्या पुढच्या वळणावर माझी गाडी दगडी कठड्यावर आदळली, तेव्हा चूक माझीच होती. पासलीच्या शाळेत मी शिकवते. त्या दिवशी उशीर झाला होता आणि मी गाडी हाणत होते. म्हैस आडवी आली, मी स्टिअरिंग फिरवलं. म्हशीला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचं तोंड तेवढं फुटलं.

म्हशीमागून तिचे मालक आले, वरच्या वस्तीवरचे म्हातारे धनगर. मागोमाग त्यांची बायको. मावशींनी भाकरतुकडा आणला, माझ्यावरून आणि गाडीवरून ओवाळून टाकला. मग दोन कळशा ओतून गाडी धुतली, हळदकुंकू लावलं. अपघातातली गाडी आमच्याकडे तशीच पुढे नेत नाहीत. मीही हात जोडून उभी. फोटो काढायचं सुचलंच नाही. म्हणे शिकलेली बाई!

चार दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजात आला. "गाडी धुतलेली, वर हळदकुंकू. अपघात तिथंच झाला कशावरून?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, म्हैसवाल्यावर तक्रार द्या. चूक त्याची लिहा, क्लेम लगेच पास होईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिनं माझी दृष्ट काढली, तिच्या नवऱ्याला चौकीत उभं करू? भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. एवढी दुरुस्ती माझ्या पगारात बसणारी नव्हती आणि गाडीशिवाय ती शाळा वेळेत गाठता येत नाही. घरी येऊन पॉलिसीतली मुंगीएवढी अक्षरं वाचून काढली. विमा माझ्या गाडीच्या नुकसानीचा होता. चूक दुसऱ्याचीच हवी, अशी अट कुठंही नव्हती.

वस्तीवर जाऊन म्हशीच्या मालकांना, मामांना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हस आमची व्हती, बाई. लिवा माझं नाव. आमी काय पळून जात न्हाई."

"नाही लिहिणार. भांडणार."

"मग म्या बी येतो."

नसरापूरला एसटी बदलून ते विमा कंपनीच्या भोरच्या ऑफिसात आले, खांद्यावर खताची गोणी. सर्व्हेअरच्या टेबलावर त्यांनी ती उपडी केली. दिव्याच्या काचा, बंपरचा तुकडा, माझी अर्धी नंबरप्लेट.

"शेरडांच्या पायात जातील म्हणून हिनं रस्त्यावरनं येचून ठिवल्यात. बघा जुळवून."

सर्व्हेअरने गॅरेजात घेतलेले गाडीचे फोटो समोर ठेवले आणि एकेक तुकडा ताडून पाहिला. सगळं जुळलं. मग मी फॉर्मवर लिहिलं: चूक माझी, वेग जास्त होता.

"असं लिहून कसं चालेल, मॅडम?"

"चालत नसेल तर लेखी द्या."

लेखी म्हटल्यावर साहेबांचं पेन अडलं. घसारा कापून का होईना, महिन्याभराने क्लेम पास झाला.

दुरुस्त गाडी घेऊन मी आधी वस्तीवर गेले. मावशी हळदकुंकू घेऊन पुढे झाल्या. मामा मात्र विचारात पडले होते.

"चूक तुमची लिवली, तरी पैकं दिलं?"

"दिले."

"मग त्यो माझं नाव कशाला मागत व्हता?"

"मामा, गॅरेजात तुम्ही समोर नव्हतात ना, म्हणून."