झटकावाले, हातवाले आणि माझी कंबर

माझी कंबर एका झाकणानं मोडली. झाकण स्टीलचं होतं, लहान डब्याचं, वजनाला जेमतेम चमच्याएवढं.

मोहाडीला माझं भांड्यांचं दुकान आहे. आयुष्यभर मी पाण्याचे पितळी गुंड उचलले, गंजांच्या म्हणजे पातेल्यांच्या चळती माळ्यावर चढवल्या, कधी काही झालं नाही. त्या दिवशी बाजार होता, दुकानात गर्दी होती. झाकण काउंटरखाली पडलं, मी वाकलो, आणि कमरेत काहीतरी सटकलं. वर येता येईना. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून मी तसाच राहिलो. समोर गंज घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, "नमस्कार राहू द्या भाऊ, भाव कमी करा."

मी कमी केला. त्या अवस्थेत माणूस काहीही कबूल करतो.

घरी आणून मला पालथं निजवलं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, रोज तेल गरम करून कंबर चोळू लागली. मी कण्हत सूचना देत होतो.

"जोर लाव ना थोडा. डाव्या हातानं काय चोळून राहिली?"

"पडा चुपचाप," ती म्हणाली, आणि डाव्याच हातानं चोळत राहिली.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. मणके ठीक आहेत, स्नायू आखडला आहे, असं सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी विचारलं, "पायात मुंग्या येतात? लघवीला काही त्रास?"

"नाही."

"आला तर वाट पाहू नका, लगेच भंडाऱ्याला जा."

दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत माझ्या दोन्ही पायांत मुंग्या आल्या. (घरी सुनंदानं पाहिलं तेव्हा त्यातली एक खरी निघाली. काळी होती.) लघवीला त्रास नव्हता, पण तो सुरू तर झाला नाही ना, याची खात्री करायला मी इतक्या वेळा जाऊ लागलो की तोच एक त्रास झाला.

अशात वरठीहून माझा मेहुणा पुरुषोत्तम आला. तो पोलादाच्या कारखान्यात कामाला आहे. अडकलेली कोणतीही वस्तू ठोका दिला की सुटते, यावर त्याचा विश्वास आहे. त्याची स्वतःची मान नागपूरच्या एका कायरोप्रॅक्टरनं सोडवली होती.

"भाऊजी, मणका जागेवरून हलला की सगळं बिघडते. तो माणूस असा झटका देते, अन् मणका आपल्या जागी," असं म्हणून त्यानं मोबाईलवर व्हिडिओ लावला. एक माणूस उताणा पडला होता. डॉक्टरनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, बाजारात कोहळं पारखावं तसं हळूहळू फिरवलं, त्याच्याशी गोड बोलला, आणि बोलता बोलता एकदम वळवलं. कटाक.

"पाहा, कसा आराम पडला."

"तो हलून नाही राहिला," मी म्हणालो.

"आराम पडला म्हणूनच."

मी सुनंदाला पाणी मागितलं.

आमची मुलगी केतकी नागपूरला नोकरी करते. तिला फोनवर हे कळलं तेव्हा ती मामावर चिडली. फोन स्पीकरवर होता. "मामा, बाबांची कंबर म्हणजे कारखान्यातली मशीन नाही. ऑस्टिओपॅथीवाल्याकडे नेऊ. ते झटके देत नाहीत, हातानं हळूहळू स्नायू अन् सांधे मोकळे करतात. माझ्या मैत्रिणीची आई गेली होती."

"बरी झाली का?" मी विचारलं.

"बरं वाटलं म्हणे."

"झालं काय मंग? वाटून काय होते?" पुरुषोत्तम म्हणाला.

"मामा, तुमची मान तरी पूर्ण बरी झाली का?"

"सध्या बरी हाय. दुखली का पुन्हा जातो."

दोघं भांडत राहिले आणि मी छताकडे पाहत राहिलो. ती दोन्ही नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी त्यांना झटकावाले आणि हातवाले म्हणू लागलो. झटकावाल्यांची भीती उघड होती: झटका थोडा जास्त बसला तर? हातवाल्यांची भीती वेगळी होती. तो हात हळूहळू फिरवणार, आणि नेमका कधी काय करणार हे मला कळणार नाही. एक भीती क्षणभराची, दुसरी तासाभराची. अंथरुणात पडून मी दोन्ही पुरेपूर भोगल्या.

"तुले काय वाटते?" मी सुनंदाला विचारलं.

"मले काय विचारता जी? कंबर तुमची हाय."

शेवटी मामा आणि भाचीनं एकमेकांना न सांगता माझे नंबर लावले, तेही एकाच दिवशी, एकाच वेळेला. गाडी पुरुषोत्तम चालवणार होता, त्यामुळे निवड आपोआप झाली. केतकीनं फोनवर बजावलं, "मी तिथेच येतो. मी आल्याशिवाय बाबांले हात लावू देऊ नका." पण नागपूरच्या गर्दीत ती मागे राहिली, आणि आम्ही वेळेच्या आधी पोचलो. माझं नशीब कधी नव्हे ते वक्तशीर निघालं.

झटकावाल्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. पुरुषोत्तम गाडी लावायला जागा शोधत गेला. मी सुनंदाच्या खांद्याला धरून, पायरी पायरीवर थांबत, वर चढलो. बाकासमोर हाडांचा सापळा टांगला होता आणि तो माझ्याकडे पाहून हसत होता. आतून डॉक्टरांचा गोड आवाज आला, मग कटाक असा आवाज आला, मग "आई गं," मग काहीच नाही. व्हिडिओतसुद्धा असंच झालं होतं. पेशंट आतून चालत बाहेर आला, पण माझी नजर त्याच्या पायांकडे गेलीच नाही. मी त्याची मान सरळ आहे का ते पाहत होतो.

दारातून दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं, "मधुकरराव कोण?"

मी तोंड उघडलं. मी "मी" म्हणणार होतो, शपथेवर सांगतो. पण तोंड आपल्या मनानं बोललं. "या," असं म्हणून मी सुनंदाकडे बोट केलं.

"मधुकरराव?" मुलगी म्हणाली.

"नाव माझं लागलं चुकून. पेशंट या आहेत."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. आता ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडणार, अशी माझी खात्री होती. पण ती शांतपणे उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "हव, मलेच दाखवाचं हाय." आणि आत गेली.

मला वाटलं, बिचारी माझी लाज राखून राहिली. दार नीट लागलं नव्हतं. मी कान दिला.

"काय दुखतं ताई?"

"उजवा खांदा जी. हात वर नाही होत. वेणी घालता येत नाही. गंज उतरवतो तर डाव्या हातानं उतरवतो."

"केव्हापासून?"

"लई दिवस झाले."

"घरी सांगितलं नाही?"

"घरी कंबर चालू हाय सध्या."

मी बाकावर बसून होतो. डावा हात. इतके दिवस ती डाव्या हातानं का चोळत होती, ते मला एका दारापलीकडून, परक्या माणसाला सांगताना कळलं. आणि त्याच खांद्याला लटकून मी दोन मजले चढून आलो होतो.

तेवढ्यात आतून डॉक्टर म्हणाले, "इथे झोपा." मग खाट्‌ असा मोठा आवाज आला.

अशा वेळी नवऱ्यानं दार ढकलून आत शिरायला हवं. मीही उठलो. पण पाय दुसऱ्या दिशेनं निघाले. जिना कसा उतरलो ते आठवत नाही. थेट फाटकाशी आलो तर केतकी ऑटोतून उतरत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पळत आले."

तेव्हा मला कळलं की मी सरळ उभा आहे. लाजेनं म्हणा, की कशानं, कंबर लगेच परत दुखायला लागली.

"आई कुठी हाय?"

"आत."

"अन् पेशंट कोण हाय?"

"सध्या आई."

केतकी जिना चढायला लागली आणि मी कठडा धरून तिच्या मागे.

वर सुनंदा खुर्चीवर बसली होती, मान जागेवर होती. तो खाट्‌ आवाज टेबल खाली घेतल्याचा होता. डॉक्टर भला माणूस निघाला. म्हणाला, "यांचा खांद्याचा सांधा आखडला आहे. इथे झटका द्यायचा नसतो, मी देणार नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि साखर तपासून घ्या. कधी कधी साखरेमुळेही असं होतं." मग माझ्याकडे वळला. "तुमचा नंबर आहे ना? या."

"मले बरं वाटून राहिलं," मी म्हणालो.

"ते आता दोन मजले पळत उतरले," केतकीनं सांगितलं.

"मग आज माझी गरज दिसत नाही," तो हसून म्हणाला.

इतक्यात पुरुषोत्तम धापा टाकत आला. "झालं का? कटाक आवाज आला का?" हातवाल्यांची वेळ केव्हाच टळून गेली होती.

परतीच्या वाटेवर मी पुढच्या सीटवर होतो. साखर हा शब्द डोक्यात घुमत होता. या वेळची भीती निराळी होती. तिला कण्हता येत नव्हतं, कोणाकडून चोळून घेता येत नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मी चहा बिनसाखरेचा प्यालो. त्यानं तिची साखर कमी होणार नव्हती, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. रिपोर्ट चांगला आला. मी तो दुकानात तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवला.

भंडाऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकत्रच तपासलं. सुनंदाला सांगितलं, जड काही उचलायचं नाही आणि रोज बोटं भिंतीवरून वर चालवत न्यायची. मला सांगितलं, पडून राहू नका, हालचाल करत राहा. केतकीनं हे दोन्ही सल्ले एकत्र ऐकले आणि तिथेच माझा निकाल लागला.

तेव्हापासून पाणी मी भरतो, कपडे मी पिळतो आणि मीच दोरीवर वाळत घालतो. सुनंदाची बोटं भिंतीवर आता खिडकीच्या वर पोचतात. वेणी ती परत स्वतः घालते. माझी कंबरही दुखायची थांबली. लोक विचारतात, कायरोप्रॅक्टिक चांगलं की ऑस्टिओपॅथी? मी विषयातला जाणकार असल्यासारखा विचारात पडतो, पण तेव्हा माझ्या हातात पिळायची ओली चादर असते. ती पाहून गल्लीतल्या बाया घरोघरी माझं उदाहरण देतात, आणि त्यांचे नवरे आता माझ्याशी बोलत नाहीत.