कुलरचं तोंड अंगणाकडे

प्रियदर्शनीच्या लग्नाला आठवडा उरला होता. मांडवाच्या दारात पाहुण्यांवर शिंपडायचं गुलाबपाणी आपल्या हातचं असावं, एवढीच ललिताची हौस. पण लेकीनं बाटलीला नाक लावलं आणि म्हणाली, "आई, हे उकडल्यावानी लागते. मोठ्या आईचंच ठेवू ना."

मोठी आई म्हणजे माणिकबाई, ललिताची थोरली जाऊ. वलगावात दोन घरं सोडूनच राहायची. ललिताचा नुसता जळफळाट झाला. भांडं तर दोघींचं सारखंच होतं. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी, ती बादलीत बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्याला जोडलेली. वाफ वेटोळ्यात थंड व्हायची आणि बाटलीत थेंब थेंब उतरायची. गुलाबही एकाच फुलवालीकडचे. ललितानं बादलीत नळ मोठा सोडून पाहिला, तरी वेटोळ्यातून वाफच बाहेर येई. सगळा सुगंध स्वयंपाकघरात, बाटलीत नुसतं पाणी. म्हणजे बाईनं काहीतरी लपवलंय, तिनं ठरवूनच टाकलं.

भर दुपारी विरजणाचं निमित्त काढून ती जावेकडे गेली. माणिकबाई गॅसजवळ घामानं निथळत बसलेली, आणि दारातला कुलर मात्र अंगणात हवा फेकत होता.

"अंगणाले उकडून राहिलं काय, बाई?"

"गॅसले वारा लागला तं जाळ इझते वो. मले कुलरचं पाणी पायजे, पंखा चालला का ते गार होते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी या उन्हात अंघोळीच्या पाण्यावानी तापते, त्यानं वाफ कशी थंड होईल? हे पाय, कुलरच्या पंपानं गार पाणी बादलीत खालून जाते, अन् ऊन झालेलं वरून परत कुलरात. इचारलं असतंस तं कवाच सांगतलं असतं."

ते 'इचारलं असतंस' ललिताला मागून घेतलेल्या विरजणापेक्षा आंबट लागलं.

घरी येताच तिनं झोपलेल्या नवऱ्यापुढचा कुलर ओढून नेला.

"काहून वो?" देवमन दचकून उठला.

"पोरीचं लग्न हाय. एक दुपार घाम आला तं विरघळत नाही तुमी."

संध्याकाळपर्यंत बाटली भरली. प्रियदर्शनीनं वास घेतला, क्षणभर डोळे मिटले.

"जमलं, आई. अगदी मोठ्या आईच्या हातचं वाटते."

ललितानं बाटलीचं बूच गच्च दाबलं.

"दारात मीच उभी राहीन," ती म्हणाली. "तुया मोठ्या आईले पंगत पाहू दे."