गंगूबाईचा पाटा

१० मार्च १९७३

दादा, इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवल्या आहेत. तेवढ्या वेळात तुझ्या पत्राचं उत्तर लिहिते. तू विचारलंस, आई गेली, आता घरी परत का येत नाहीस, त्या पाथर्डीच्या माळावर तुझं कोण आहे?

मी निघाले तेव्हा तूच माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पारनेरच्या स्टँडपर्यंत आला होतास. आई आली नाही. दारातूनच म्हणाली, "सटवाईनं तुझं कपाळ या घरात, या पाट्यापुढं लिवलंय. भायेर जाऊन काय निराळं मिळनार हाय?" नवरा गेल्यापासून माझ्या कपाळाला कुंकू नव्हतं. मी गाडीत बसले. नगरला नर्सिंग शिकले आणि सरकारनं इकडे पाठवलं.

इथला दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा व्हरांडा. डॉक्टर बाजारच्या दिवशी येतात, बाकी दिवस मी. दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडून हात सोलून येतात. पैसे कुणाकडे नसतात आणि इथे ते कुणी मागतही नाही. पहिल्या वर्षी मला सारखं आपलं अंगण दिसायचं. पुढे कामं वाढली, तसं ते कमी झालं.

मागच्या आठवड्यात वस्तीवरची गंगूबाई धापा टाकत आली. तिची सून हिरा बाळंत होऊन चौथा दिवस, आणि अंगात ताप. मुलगा कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला. मी जाऊन पाहिलं. पोरगी फणफणली होती, बाळाला जवळ घ्यायचंही त्राण नव्हतं. बाळंतिणीचा असा ताप मी ओळखते. दिवाळीत शेजारच्या वस्तीवरची एक बाई त्यातच गेली. हिला पेनिसिलिन रात्रंदिवस वेळेवर टोचायला हवं होतं, आणि दवाखाना उघडा टाकून मला वस्तीवर राहता येत नव्हतं. "हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आणा," मी म्हटलं.

"उद्या पाचवी हाय," गंगूबाई म्हणाली. "सटवाई नशीब लिवायला घरी येनार. लेकरू घरात न्हाई म्हनल्यावर ती काय माळावर हुडकत फिरल व्हय?"

"सून राहिली नाही तर लेकराचं नशीब काय लिहिणार ती?"

"तुला लेकरू न्हाई, बाई. तुला काय ठावं पाचवी!"

"काढलीत मात्र ढीगभर. याच वस्तीवरची."

ती उंबऱ्यातून हलेना. तिला हसण्यात किंवा रागावण्यात अर्थ नव्हता. हिरा आत कण्हत होती. कोपऱ्यात पाटा होता, पूजेसाठी धुऊन उभा केलेला. मला आई आठवली. मी विचारलं, "सटवाई घराला येते की पाट्याला?"

गंगूबाईनं बराच विचार केला. "पाट्याला," ती म्हणाली.

"मग पाटा गाडीत घाल."

बैलगाडीत हिरा आडवी, मी बाळ घेऊन. गंगूबाईनं पाटा मांडीवर धरला होता, गाडीच्या फळीवर ठेवायला तयार नव्हती. खाचखळग्यांत तिच्या मांड्या चेचल्या जात होत्या. दवाखान्यात पोचताच मी पहिलं इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला खाटेजवळ पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, पुढे दिवा लावला. सटवाईला लिहायला कोरा कागद पाहिजे. माझ्याकडे केसपेपर तेवढे होते. एक दिला.

गंगूबाईनं तो उलटासुलटा केला. "सरकारी कागदावर लिवल का ती?"

"अजून शिक्का मारलेला नाही. लिहील."

हिराला तापातही हसू आलं.

तर दादा, मी परत येत नाही. आता इथंच माझं बिऱ्हाड आहे. आईचा पाटा मात्र वहिनीला लागत नसेल तर गोणपाटात बांधून एस.टी.च्या टपावर टाक. नगरला गाडी बदलते, तेवढं कंडक्टरला बजावून सांग. इथे मी उसन्या पाट्यावर वाटते.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिराचा ताप उतरला होता आणि ती बाळाला पाजत होती. मी पाटा बाहेर नेऊन हळद धुतली. गंगूबाई आदल्या दिवसापासून उपाशी होती. तिला विचारलं, "यावर मिरची वाटली तर चालेल का?"

"वाट की," ती म्हणाली. "पाटा अजून कशाला असतोय?"

मी लसूण-मिरची वाटली. आम्ही दोघींनी भाकरी खाल्ली. मग मी आजच्यासारख्याच सुया उकळायला ठेवल्या.